कोपऱ्याच्या खोलीतली पांढरी पावलं

काळ्या फरशीवरची ती पांढरी पावलं आज इतक्या वर्षांनीही डोळे मिटले की दिसतात. नव्वद सालाच्या एखादं वर्ष मागे-पुढे असेल. निवृत्त साहेब लोक आपल्या केसेस लिहून काढतात. दिवाळी अंकात त्या येतात, मी सावकाश वाचते. मी साहेब नव्हते. पण खात्यात सव्वीस वर्षं काढली आणि सांगण्यासारखी एक केस माझ्याकडेही आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून याच गावात राहतात.

माझे मालक पोलीस शिपाई होते. ते आजारात गेले आणि मला त्यांच्या जागी चतुर्थ श्रेणीत घेतलं. काम झाडलोटीचं आणि पाणी भरण्याचं. महिला पोलीस तेव्हा आमच्या स्टेशनला नव्हत्या, लागल्या तर ठाण्याहून मागवायच्या आणि त्यात दिवस जायचा. म्हणून एखादी बाई चौकशीला आणली की तिची झडती मी घ्यायची आणि ती असेपर्यंत तिच्याजवळ बसायचं, असं ठरून गेलं. सगळे मला वहिनी म्हणायचे. मी विचारलं तेवढंच बोलायची.

वरसावे पुलाच्या अलीकडे, खाडीच्या काठाला एक जुनं हॉटेल होतं. मूळचा तो इंग्रजांच्या काळातला मिठागराच्या साहेबाचा बंगला. दगडी भिंती, काळ्या फरश्या, मागच्या बाजूने वर जाणारा एक अरुंद जिना. पुढे कोणा शेठने तिथे हॉटेल काढलं. लग्नाच्या पार्ट्या यायच्या, शूटिंगवाले यायचे. त्या हॉटेलात मडमेचं भूत आहे असं सगळा घोडबंदर रोड सांगायचा. साहेबाने म्हणे बायकोच्या पायांत साखळी घातली होती, ती तशीच खाडीत गेली. वर्षातून एकदा वरच्या कोपऱ्याच्या खोलीत तिची पावलं उमटतात. पांढरी, आणि अगदी जवळजवळ, कारण पायांत साखळी. वेटर लोक गिऱ्हाइकांना ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि मॅनेजर गालात हसायचा. रविवारी नुसती खोली बघायला माणसं यायची.

माघातली लग्नतिथ होती. सकाळी दहाच्या सुमाराला हॉटेलातून फोन आला. मुंबईची एक गुजराती पार्टी लग्नासाठी उतरली होती. नवरीच्या आईने आपल्या सासूकडून आलेला सोन्याचा हार लेकीसाठी लाल फडक्यात बांधून कोपऱ्याच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवला होता. पहाटे सगळ्या बायका पिठीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या हळदीच्या, कार्यक्रमाला खाली हॉलमध्ये गेल्या, खोलीला कुलूप होतं. परत येऊन बघतात तर पुडी नाही आणि फरशीवर पांढरी पावलं.

आमचे फौजदार साहेब साताऱ्याकडचे. वयाने माझ्याएवढेच. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण एकदा विचारलेला प्रश्न उत्तर येईपर्यंत सोडायचे नाहीत. बायकांची खोली म्हणून त्यांनी मला जीपमध्ये घेतलं. बरोबर लिखापढीचा रायटर होता आणि एक हवालदार, मालकांचे जुने जोडीदार, त्यांना गप्प बसवत नसे.

"वहिनी, भूत सापडलं तर झडती तुम्हालाच घ्यायची आहे," ते जीपमध्ये म्हणाले. "बाईमाणूस आहे. मी हात लावणार नाही."

"हवालदार, भूत पंचनाम्यावर सही करत असेल तर बघा. पंच कमी पडतायत," साहेब म्हणाले.

हॉटेलात पोचलो तर मॅनेजरने खोल्या झाडणाऱ्या बाईला स्टोअरमध्ये बसवून ठेवलं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांची, जालन्याकडची. नवरा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता, चाळीत घर. मी तिला लगेच ओळखलं, कारण आठ दिवसांपूर्वीच ती आमच्या स्टेशनला येऊन गेली होती. नगरपरिषदेच्या बालवाडीत मदतनीस म्हणून तिचं नाव लागलं होतं आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्या रायटरच्या खणात होता. एक शेरा आणि एक सही बाकी होती. अटक झाली असती तर तो अर्ज कशाला पुढे जातो.

"साब, चाबी फक्त इसके पास रहती है," मॅनेजर म्हणाला. "आणि आमच्या वॉचमनने बघितलंय. सकाळी ही मागच्या जिन्याकडे दोनदा गेली. तो जिना तर बंद आहे, कोणी वापरतच नाही."

वॉचमननेही तेच सांगितलं. मी तिला बाजूच्या खोलीत नेऊन झडती घेतली. हार नव्हता. पण कमरेला, परकराच्या नाडीला, एक गंजकी किल्ली बांधलेली निघाली. मागच्या जिन्याच्या दाराची. मॅनेजर म्हणाला, या दाराची किल्ली हॉटेलकडे कधी नव्हतीच.

"झालं साहेब," हवालदार म्हणाले. "मालकाची किल्ली नोकराच्या कमरेला. कलम तीनशे एक्याऐंशी."

ती बाई नुसती म्हणत होती, "मी नाही घेतलं." त्यापुढे एक शब्द नाही. किल्ली कुठून आली, जिन्याकडे कशाला गेली, काही नाही.

मग वर जाऊन साहेबांनी खोलीचा पंचनामा केला. मी दाराशी उभी. खोलीत अत्तराचा आणि हळदीचा वास होता. मागच्या जिन्याच्या दारापासून कोनाड्यापर्यंत पावलांची ओळ गेली होती, आणि कोनाड्यापासून परत. हवालदार टेप धरत होते. साहेब सांगत होते, रायटर लिहीत होता. पाऊल अनवाणी. दोन पावलांतलं अंतर चार बोटंसुद्धा नाही. पांढरा थर वाळलेला. कोनाड्यात मूठभर जाडं मीठ.

मी ती पावलं बघितली आणि मला माझी आई दिसली.

माझं माहेर भाईंदरच्या मिठागरावरचं. पावसाळा संपला की कोंड्यांचा, म्हणजे मिठाच्या वाफ्यांचा, तळ पायांनी दाबून घट्ट करायचा असतो, नाहीतर पाणी झिरपून जातं. बायका ओळीने उभ्या राहतात आणि एकेक पाऊल टेकवतात. एक पाय दाबला की दुसरा त्याला चिकटून. मध्ये जागा सोडली तर मुकादम ओरडतो. माझी आई जन्मभर तशी चालली. बाजारातही तिची पावलं मोठी पडायची नाहीत. मीही लग्नाआधी चार हंगाम ते केलंय.

पंचनामा झाला. मॅनेजरने एका पोऱ्याला फडकं आणायला सांगितलं. "पोंछ डालो जल्दी, पार्टीवाले घबरा रहे हैं."

"साहेब, पुसू देऊ नका," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"का हो वहिनी?" हवालदार हसले. "भूत ओळखीचं निघालं का काय?"

"होय," मी म्हणाले. तोंडातून तेवढंच आलं.

साहेबांनी हवालदारांना हाताने थांबवलं. "बोला वहिनी. घाई नाही."

मला बोलता येईना. म्हणून मी चपला काढल्या, लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि त्या ओळीच्या बाजूला, रिकाम्या फरशीवर, आईसारखी पाय दाबत चालले. सहा-सात पावलं. एवढ्या पुरुषांसमोर पाऊल उघडं टाकून चालताना कानशिलं तापली होती. टोकाला पोचल्यावर साहेब खाली बसले, माझ्या पायांची जागा आणि ती पावलं शेजारी शेजारी धरून बघितली.

"हे मीठ स्वयंपाकघरातलं नाही," मी म्हणाले. "मिठागरातलं पाणी पायावर ओतलंय, ते वाळून पांढरं झालंय. चालणारी बाई मिठागरात राबलेली आहे. वयस्कर आहे, डाव्या पायावर कमी भार देते. या पोरीचे पाय बघा, लांब आहेत. ही ती नव्हे."

"म्हणजे तिसरी कोणीतरी आत आली होती."

"होय."

"आणि पुडी तिने नेली."

तेव्हा कळलं की एकीला सोडवायला गेले आणि दुसरीला पुढे उभं केलं, आणि ती दुसरी माझ्याच माणसांतली.

त्या पोरीला स्टेशनला आणलं. दुपारपर्यंत साहेबांनी विचारलं. किल्ली कोणी दिली, बाई कोण, कधीपासून येते. ती भिंतीकडे बघत बसली. हवालदारांनी टेबलावर दोनदा हात आपटला, त्याचाही उपयोग झाला नाही. मारणं साहेबांना चालत नसे, बाईला तर नाहीच. आणि बाईला दिवस मावळल्यावर स्टेशनात ठेवायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. उजेड असेपर्यंत एकतर अटक करायची, नाहीतर घरी पाठवायचं.

चार वाजता ते बाहेर आले. मी ओट्यावर पाणी भरत होते.

"वहिनी, तुम्ही बसा तिच्याजवळ. माझं पोलीस म्हणून विचारून झालं. तुम्हाला जे विचारावंसं वाटतं ते विचारा. माझ्याकडे दोन तास आहेत."

मी चहा घेऊन आत गेले. ती घेईना.

"घे. खात्याचा नाही, माझा आहे," मी म्हणाले.

तिने बशीत ओतला.

"ताई, मला अटक करणार का?"

"साहेबांच्या हातात दुसरं काही नाही. तू बोलत नाहीस."

"बोलले तर दुसऱ्याला करतील."

"म्हातारी आहे ना ती? डावा पाय दुखतो तिचा."

तिने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की माझी आईसुद्धा मिठागरावरच राबली. हंगामाचं पहिलं मीठ कसं असतं तेही सांगितलं. पहिलं मीठ विकायचं नाही. ते साहेबाच्या बंगल्यावर न्यायचं. उंबऱ्यावर पायांवर कोंडीतलं पाणी ओतायचं आणि तळ दाबत दाबत आत जायचं, म्हणजे ते घरही गळत नाही, आपला हंगामही नाही. हे मी लहानपणी आईकडून ऐकलं होतं. कोणी अजून करत असेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा ती रडली. मग सगळं सांगितलं.

म्हातारी हॉटेलच्या मागच्या दाराला सुकट विकायला यायची. मॅनेजर हाकलायचा. गेल्या वर्षी या पोरीला कावीळ झाली, नवरा कामावर, घरात कोणी नाही. म्हातारी वरसाव्याहून चालत भाईंदरला येऊन वीस दिवस पेज करून घालत होती. त्याबदल्यात तिने एकच मागितलं. वर्षातून एकदा मागचं दार उघड. किल्ली म्हातारीकडेच होती, मडमेने दिलेली. दार आतून अडसर लावलेलं असायचं, तो काढायचा एवढंच, आधीच्या झाडणाऱ्या बायाही काढायच्या. किल्ली तिने जपायला पोरीकडे दिली होती.

"मी पावलं लगेच पुसणार होते, ताई. तेवढ्यात खालून हाक आली, नवरीवर तांदूळ सांडले, झाडायला ये. मी खाली गेले आणि त्या बायका वर आल्या."

"पुडी?"

"मला ठाऊक नाही. पण ती म्हातारी चोर नाही. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यासमोर उभी राहून सांगते."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चला. पण आपण आरोपीकडे जातोय असं तिला वाटता कामा नये." जीप त्यांनी बांधावर थांबवली आणि आम्ही चालत गेलो. साहेब, हवालदार, मी आणि दोन पंच.

खोपटासमोर म्हातारी सुकट निवडत बसली होती. हवालदारांची टोपी बघून उठायला गेली.

"बस आये," मी म्हणाले.

"कंची गो तू?"

मी माझ्या आईचं नाव सांगितलं.

"अगो, तुजी आय माज्या बाजूला पाय दाबाची. हाय का?"

"न्हाय. गेली."

"गेली," ती म्हणाली आणि पुन्हा सुकटीत हात घातला. "सगल्याच गेल्या."

साहेब पालथ्या पाटीवर बसले. "आजी, सकाळी बंगल्यावर गेला होता?"

"गेलते ना. दर सालाला जातंय. मीठ ठेवून आयले."

"आणि तिथून काय आणलं?"

"वान आनला."

तिने वर बोट केलं. खोपटाच्या आढ्याला लाल पुडी टांगलेली होती.

मडम होती तेव्हा, म्हातारीने सांगितलं, ती पहिलं मीठ हातात घ्यायची आणि कोनाड्यात फडक्यात बांधून साखर ठेवायची. ते वाण. मडमेच्या पायांत साखळी कसली, ती चांगली चालती-बोलती विलायतेला गेली. ती गेल्यापासून कोनाडा रिकामाच. तरी म्हातारीने मीठ ठेवायचं सोडलं नाही.

"यंदा बगतंय तं पुरी. मना वाटला, घरान वलखला मना." यंदा पुडी दिसली म्हणून तिला वाटलं, घराने आपल्याला ओळखलं.

"आत काय आहे ते बघितलं?" साहेबांनी विचारलं.

"हंगाम उठल्याबिगर वान सोराचा नसते, साहेब. मंग मीठ इतरून जाते."

वाण हंगाम संपल्याशिवाय सोडायचं नसतं, मीठ विरघळून जातं, असं ती म्हणत होती. मी साहेबांना समजावून सांगितलं. हवालदार इतका वेळ गप्प होते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

साहेबांनी पुडीला हात लावला नाही. जीप पाठवून नवरीच्या आईला बोलावलं. ती हळदीच्या हातांनीच आली, बरोबर दीर. बाई रागात होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं, दोन तासांनी वरात होती. साहेबांनी पंचांसमोर पुडी खाली काढली आणि तिच्यासमोर धरली.

"सोडू नका. आधी बघा, गाठ कोणाची आहे."

तिने लाल दोरा बोटाने चाचपला. एकावर एक सात गाठी होत्या. तिने सातही मोजल्या.

"मेरी है," ती म्हणाली. "मेरी सास ऐसे बांधती थी. किसी ने खोली नहीं."

मग तिने बसून, दातांनी दोरा सैल करत गाठी सोडल्या. हार होता. त्याच्याबरोबर सुपारी, हळकुंड आणि अक्षता. म्हातारी हार बघून मागे सरकली. चोरी, पोलीस, यातलं काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला वेगळंच कळलं.

"मंजे माज्यासाठी नव्हता," ती म्हणाली. "घरान दिला न्हाय मना."

नवरीच्या आईला भाषा समजली नसेल, पण तोंड समजलं. "क्या बोली?" तिने मला विचारलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. मीठ, वाण, रिकामा कोनाडा, सगळं. ती ऐकत राहिली. मग हार तिने पदरात घेतला, सुपारी, हळकुंड आणि अक्षता परत त्या फडक्यात ठेवल्या, दोरा गुंडाळला आणि सात गाठी मारल्या. पुडी म्हातारीच्या हातावर ठेवली.

"मां जी, सुबह नहीं दिया था. अब दिया."

म्हातारीने ती कपाळाला लावली आणि मला म्हणाली, "बांध गो वर. माजा हात पोचत न्हाय."

केस क समरीत गेली, म्हणजे गैरसमजुतीतून दिलेली फिर्याद, कोणी गुन्हेगार नाही. मॅनेजर त्या पोरीला किल्लीवरून काढायला निघाला होता. साहेब त्याला म्हणाले, "काढा. मग मडमेची खरी गोष्ट मी रविवारच्या गिऱ्हाइकांना स्वतः येऊन सांगतो." मॅनेजरने तिला कामावर ठेवलं. पोरीने तीन आठवड्यांनी स्वतःच नोकरी सोडली, कारण बालवाडीत हजर व्हायचं होतं. तिच्या अर्जावरचा शेरा साहेबांनी त्याच संध्याकाळी लिहिला.

तो लिहून झाल्यावर त्यांनी स्टेशन डायरी माझ्याकडे सरकवली. "वहिनी, वाचा."

"मला सावकाश येतं, साहेब."

"सावकाश वाचा."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. त्यात लिहिलं होतं की पावलांबाबतची महत्त्वाची माहिती माझ्याकडून मिळाली. माझं पूर्ण नाव, पुढे श्रीमती. कागदावर पगारपत्रकाशिवाय माझं नाव तोवर कुठे आलं नव्हतं.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. आम्ही सगळ्यांनी तीच पावलं बघितली. मॅनेजरला त्यात धंदा दिसला, पाहुण्यांना भूत, हवालदारांना कलम. कोणी मूर्ख नव्हतं, ज्याला जे माहीत तेच त्याला दिसतं. म्हणून फरशी पुसण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाला विचारावं, दाराशी उभ्या असलेल्यालाही. साहेबांनी विचारलं. ते बदलून गेले, पुढे निवृत्त झाले असतील. त्यांना मी कधी धन्यवाद म्हटलं नाही, धीरच झाला नाही. ते इथे म्हणते.

म्हातारी तीन-चार वर्षांनी गेली. त्या माघात बालवाडीतली ती बाई माझ्याकडे आली, हातात ती गंजकी किल्ली. म्हणाली, "ताई, मला पाय दाबता येत नाहीत. तुम्हाला येतात." मॅनेजरने अडसर स्वतः काढून ठेवला होता, आणि आपण काही बघितलं नाही असं दाखवत पुढे गल्ल्यावर बसला होता. मी कोंडीतलं पाणी पायावर ओतलं आणि कोनाड्यापर्यंत गेले. मिठागरं बंद पडेपर्यंत दरवर्षी गेले. मडमेचं पाऊल हल्ली थोडं मोठं पडतं, असं तिथला वेटर गिऱ्हाइकांना सांगायचा.

पहिल्या वर्षी मीठ ठेवायला हात घातला तर कोनाड्यात एक लाल पुडी होती. त्या पोरीने आधीच ठेवली असणार. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मिठागरं उठली, आता तिथे इमारती आहेत. पुडी माझ्या कपाटात आहे. मी ती अजून सोडलेली नाही.